आडनाव नसलेल्या माणसांची वंशावळ

इ. स. 910 च्या सुमाराच्या एखाद्या लॅटिन सनदेखाली साक्षीदार म्हणून फक्त ‘कोनराड, काउंट’ एवढंच लिहिलेलं आहे असं समजा. हा कोनराड कोणता? पुढच्याच वर्षी, 911 मध्ये, पूर्व फ्रँकिश राज्याचा राजा झालेला कोनराड असू शकतो. त्याचा चुलतभाऊ कोनराड कुर्ट्सबोल्डही असू शकतो. लान नदीकाठच्या लिम्बुर्गला 910 मध्ये संत जॉर्जच्या नावाने धर्मसंस्था स्थापन करणारा तोच. राजा झालेल्या कोनराडच्या वडिलांचं नावही कोनराड, पण ते 906 मध्ये फ्रिट्झलारजवळच्या लढाईत मारले गेले होते, म्हणून ते बाद. आणखी चार दशकं पुढे गेलं की ‘लाल’ कोनराड भेटतो, जो 955 मध्ये लेखफेल्डच्या रणांगणावर पडला. तो वेगळ्याच घराण्यातला.

आठव्या ते अकराव्या शतकातल्या जर्मन सरदारांच्या वंशावळीत शिरणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण पहिल्याच दिवशी भेटते. माणसाला एकच नाव, आडनाव नाही. गढीच्या किंवा गावाच्या नावाने घराणं ओळखायची पद्धत अकराव्या शतकापासून हळूहळू रुळली. ‘कोनराडिनर’, ‘सालियर’, ‘लिउडोल्फिंगर’ ही घराण्यांची नावं नंतरच्या इतिहासकारांनी सोयीसाठी दिलेली आहेत. ज्यांच्यावर आपण ती चिकटवतो, ते स्वतःला तसं म्हणवत नव्हते.

आपल्याकडे कुलवृत्तांत तयार करताना आडनाव, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव असे आधार हाताशी असतात. इथे त्यातला एकही नाही. तरीही काम अशक्य नाही. उलट पुरावा तोलायची जी शिस्त या क्षेत्रात लागते, तिच्यामुळेच मला हा विषय फार प्रिय आहे. खाली जी वाट सांगतो आहे ती अगदी नव्या माणसासाठी आहे. लॅटिन थोडंफार लागेल, पण शाळेत संस्कृत शिकलेल्याला विभक्तीची भीती वाटायचं कारण नाही. षष्ठी ओळखता आली की ‘अमक्याचा मुलगा’ ओळखता येतो. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत. त्यांना तर या विषयावरचं आधुनिक लेखन थेट वाचता येईल, आणि त्यातलं बरंचसं जर्मनमध्येच आहे.

पहिली पायरी: झाड काढू नका, एक दुवा निवडा

नवा माणूस उत्साहाने मोठा तक्ता काढायला बसतो: वर शार्लमेन, खाली शंभर नावं. तसं करू नका. ‘अ हा ब चा मुलगा होता का?’ एवढा एकच प्रश्न कागदावर लिहा आणि त्याचाच पुरावा शोधा. वंशावळीतला प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा लागतो. दहा दुव्यांपैकी नऊ भक्कम असले आणि एक अंदाजाचा असला, तर त्या एकाच्या पलीकडचं सगळं अंदाजाचं होतं. छापील तक्त्यांत मात्र सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या दिसतात.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे राणी माटिल्डे, राजा पहिल्या हाइन्रिशची दुसरी पत्नी. दहाव्या शतकात कोर्वाय मठातला विडुकिंड नावाचा भिक्षू लिहितो की ती थिआड्रिशची मुलगी, आणि थिआड्रिशचे भाऊ विडुकिंड, इम्मेड आणि रेगिनबेर्न. शार्लमेनशी वर्षानुवर्षं लढलेल्या सॅक्सन नेत्या विडुकिंडच्या वंशातले हे लोक, असंही तो सांगतो. त्या जुन्या विडुकिंडचा बाप्तिस्मा 785 मधला. थिआड्रिश आणि तो यांच्यामधल्या पिढ्या कोणत्या, हे तो सांगत नाही. म्हणजे ‘वंशातली’ हे विधान आपल्याकडे आहे, पण साखळी नाही. असंख्य तक्त्यांत ही मोकळी जागा नावांनी भरलेली दिसेल. तुम्ही ती मोकळी ठेवा.

दुसरी पायरी: नोंदी गोळा करा, आणि त्यांचं वय बघा

साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे ठेवा: वर्ष, ठिकाण, साधन, साधन कधी लिहिलं गेलं, माणसाचा उल्लेख मूळ शब्दांत, त्याचं पद, सोबत कोण कोण आहे, नात्याचा शब्द आहे का. घटनेचं वर्ष आणि साधन लिहिल्याचं वर्ष हे दोन वेगळे रकाने हवेतच. पुढचा अर्धा निवाडा त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर होतो.

साधनं मुख्यतः चार प्रकारची. पहिला प्रकार इतिवृत्तांचा. प्र्यूमचा मठाधिपती राहिलेला रेगिनो 906 पर्यंतच्या घटना सांगतो. मेर्झेबुर्गचा बिशप थीटमार 1018 मध्ये वारला. तो स्वतः वाल्बेकच्या काउंटांच्या घरातला होता, त्यामुळे सॅक्सन सरदारांची नाती त्याला घरच्यासारखी माहीत होती. अशा माणसाने आपल्या आत्या-मामांबद्दल लिहिलेलं वजनदार. पण बाराव्या शतकातल्या सॅक्सन वृत्तकाराने दहाव्या शतकातल्या लग्नाबद्दल लिहिलेलं एकदम हलकं धरावं लागतं, भले त्यात नावं कितीही भरगच्च असोत.

दुसरा प्रकार सनदांचा: राजाने दिलेल्या आणि खाजगी दानाच्या. सांक्ट गालेनच्या मठात आरंभीच्या मध्ययुगातल्या 700 हून अधिक मूळ सनदा टिकून आहेत, आणि युरोपात हे भाग्य फार थोड्या ठिकाणांना लाभलं. लोर्शच्या मठाची सनदांची वही बाराव्या शतकात नकलून काढलेली आहे. तिच्यात 3,800 हून अधिक नोंदी आहेत, पण नकलणाऱ्याने अनेक ठिकाणी मजकूर आखडता घेतला. फुल्डाच्या मठातल्या एबरहार्ड नावाच्या भिक्षूने तर बाराव्या शतकात नकला करताना जुन्या सनदांत फेरफार केले. तेव्हा सनद मिळाली की पहिला प्रश्न: मूळ की नक्कल? नक्कल असेल तर कोणाची?

तिसरा प्रकार माझ्या सगळ्यात आवडीचा, मठांचे स्मरणग्रंथ. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्या जिवंत आणि मृत माणसांची नावं त्यांत ओळीने लिहिलेली. बोडेनझे सरोवरातल्या राइशेनाउ बेटावरचा ग्रंथ 824 च्या सुमारास सुरू झाला आणि त्यात 38,000 च्या आसपास नावं आहेत. नातं लिहिलेलं नसतं. पण एखादं कुटुंब मठात येऊन आपली नावं एकत्र लिहवून घेई, म्हणून नावांचा गट हाच पुरावा ठरतो. नवरा, बायको, मुलं, मग बायकोचे भाऊ, मग वारलेले आजोबा अशी रांग कधीकधी उलगडते. गेर्ड टेलेनबाख आणि कार्ल श्मिड यांनी फ्रायबुर्गमध्ये या नोंदींचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. श्मिड यांचं म्हणणं असं की, त्या काळचा सरदार आई-बाप दोन्हीकडच्या मोठ्या गोतावळ्यात स्वतःला पाहत असे. बापाकडून मुलाकडे जाणारं ‘घराणं’ ही जाणीव नंतर घट्ट झाली. या मतावर पुढे टीका झाली. तरी नव्या अभ्यासकाने ते मनात ठेवावं, कारण बाप-मुलगा-नातू एवढीच सरळ रेघ शोधायची आपली सवय त्याने सुटते.

चौथा प्रकार मृत्युनोंदींचा. बहुतेक मठांच्या नोंदीत दिवस असतो, वर्ष नसतं, कारण प्रार्थना दरवर्षी त्या दिवशी व्हायची. ‘20 ऑगस्ट, कोनराड, ड्यूक’ असं मिळालं तर वर्ष इतरत्र शोधावं लागतं. फुल्डाची मृतांची यादी याला सुखद अपवाद आहे. ती 779 पासून वर्षवार आहे.

ही साधनं बघायला जर्मनीला जायची गरज नाही. 1819 मध्ये सुरू झालेल्या ‘मोनुमेंटा गेर्मानिए हिस्टोरिका’ या प्रकल्पाचे बहुतेक जुने खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ‘रेगेस्टा इम्पेरी’मध्ये राजांच्या सनदांचे गोषवारे तारखेनुसार मिळतात. सांक्ट गालेनची अनेक हस्तलिखितं छायाचित्रांतून पाहता येतात. कोणीही भर घालू शकेल अशी वंशावळीची संकेतस्थळं फक्त प्रश्न सुचवून घेण्यापुरती वापरा. उत्तर तिथून घेऊ नका.

तिसरी पायरी: एका नावाचे अनेक, एका माणसाची अनेक नावं

आता नोंदींचे ढीग करा. ठिकाण, पद आणि काळ जुळतात त्या नोंदी एका ढिगात. शंका असली तर ढीग वेगळाच ठेवा. दोन ढीग नंतर एकत्र करणं सोपं, पण एकदा एक झालेली दोन माणसं पुन्हा वेगळी करणं फार जड जातं.

नावांची रूपं भुलवतात. कोनराडचं लाडकं रूप कुनो. हाइन्रिशचं हेत्सिलो: थीटमार श्वाइनफुर्टच्या हाइन्रिशला असंच म्हणतो. राइनकाठचा पॅलाटाइन काउंट एत्सो याचं खरं नाव एरेनफ्रीड. हाल्बरश्टाटच्या बिशप बुर्खार्डला लोक बुक्को म्हणत. ओटो आणि उडो ही दोन वेगळी नावं, पण लॅटिन लेखणीत ती उटो, ओडो अशी एकमेकांत मिसळतात. म्हणून स्प्रेडशीटमध्ये मूळ रूप जसंच्या तसं लिहा, आधुनिक रूप दुसऱ्या रकान्यात.

तारीखही सरळ नसते. ‘लुडविग राजाच्या पाचव्या वर्षी’ असं लिहिलेलं असतं, आणि लुडविग नावाचे राजे एकापेक्षा अधिक. शिवाय राज्यारोहणाची वर्षं वेगवेगळ्या क्षणापासून मोजली जात. सनदेतली इतर नावं, विशेषतः बिशप, इथे मदतीला येतात. बिशपांच्या कारकिर्दी बऱ्यापैकी नक्की माहीत असतात.

काउंटपदाबद्दल एक सावधगिरी. एकाच प्रदेशात आधी एक वेर्नर काउंट होता आणि तीस वर्षांनी दुसरा, म्हणजे ते बाप-लेक असं नव्हे. पद जावयाकडे, पुतण्याकडे किंवा राजाच्या मर्जीने तिसऱ्याच माणसाकडे जाऊ शकत होतं.

चौथी पायरी: नात्याचे शब्द मराठीत मांडा

लॅटिनमध्ये वडिलांचा भाऊ पात्रुउस, आईचा भाऊ आवुन्कुलुस, वडिलांची बहीण आमिता, आईची बहीण मातेर्तेरा. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी हे भेद रोजच्या बोलण्यात आहेत, त्यामुळे टिपणं मराठीतच काढा. आधुनिक जर्मन शब्दांत लिहिलं की दोन्हीकडचे काका-मामा एकाच शब्दात विरघळतात.

पण लेखक नेहमी काटेकोर नसत. नेपोस म्हणजे नातू, पुतण्या किंवा भाचा, यांपैकी काहीही. कोग्नातुस, प्रोपिन्क्वुस, कोन्सान्ग्विनेउस या शब्दांनी फक्त ‘नातलग’ एवढंच कळतं. गेनेर म्हणजे जावई, पण कधीकधी मेहुणाही. आवुन्कुलुस काकासाठी वापरल्याचीही उदाहरणं आहेत. त्यामुळे त्या विशिष्ट लेखकाने तोच शब्द इतरत्र, जिथे नातं आपल्याला नक्की माहीत आहे तिथे, कसा वापरला ते आधी तपासा. थीटमारचा नेपोस थीटमारच्याच वापरावरून ठरवायचा.

सावत्र नाती विसरू नका. बायर्नचा लुइटपोल्ड 907 मध्ये लढाईत पडला आणि त्याची विधवा कुनिगुंडे 913 मध्ये राजा कोनराडशी विवाहबद्ध झाली. तिचा मुलगा आर्नुल्फ, बायर्नचा ड्यूक, हा राजाचा सावत्र मुलगा, आणि तरीही त्याचा कट्टर विरोधक. सम्राज्ञी गिझेलाची तीन लग्नं झाली. अशा घरांत ‘भाऊ’ हा शब्द दिसला की सख्खा, सावत्र, की धर्माने मानलेला, हे विचारायलाच हवं.

पाचवी पायरी: नावं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

सरदारघरांत ठरावीक नावं पुन्हा पुन्हा ठेवली जात. त्यांवरून घराणं ओळखायची पद्धत जुनी आहे आणि उपयोगीही. राजा पहिल्या हाइन्रिशच्या मुलांची नावं बघा: टांकमार हे काकाचं, ओटो हे आजोबांचं, हाइन्रिश वडिलांचं, ब्रुन चुलत आजोबांचं. मुलगी हाडविग, आजीच्या नावाची. सगळी नावं लिउडोल्फिंगरांच्या घरात आधीपासून होती.

आता धोका कुठे आहे तो बघू. सुरुवातीला भेटलेल्या लाल कोनराडचे वडील वेर्नर. कोनराडची पत्नी लिउटगार्ड ही सम्राट पहिल्या ओटोची मुलगी. त्यांच्या मुलाचं नाव ओटो, आणि त्या ओटोच्या मुलांची नावं हाइन्रिश, ब्रुन, कोनराड, विल्हेल्म. यातला ब्रुन 996 मध्ये पोप झाला, पाचवा ग्रेगरी. हाइन्रिशचा मुलगा पुढे सम्राट दुसरा कोनराड. समजा काळाच्या ओघात लिउटगार्डच्या लग्नाची नोंद हरवली असती. आपल्यासमोर ओटो, हाइन्रिश, ब्रुन अशी नावांची रांग उरली असती आणि आपण छातीठोकपणे हे सगळे पितृवंशाने लिउडोल्फिंगर आहेत असं म्हटलं असतं. निष्कर्ष साफ चुकला असता, कारण ती नावं एका सुनेबरोबर घरात आली.

दुसऱ्या ठिकाणी अशी लिउटगार्ड खरोखरच हरवलेली असू शकते. त्यामुळे नाव जुळलं की ‘नातं असावं’ एवढंच म्हणा. बापाकडून की आईकडून, हे नाव कधीच सांगत नाही. नाव जितकं दुर्मीळ, तितका पुरावा बळकट. कोनराड, हाइन्रिश जुळण्याला फारशी किंमत नाही, पण इम्मेडसारखं नाव जुळलं तर थांबून बघावं.

सहावी पायरी: जमीन कुठे गेली ते बघा

माणसं बोलत नाहीत तिथे जमीन बोलते. एकाच गावातले वाटे दोन घरांकडे असतील तर कधीतरी वारसावाटणी झाली असावी. मठ कोणी स्थापला आणि नंतर त्यावर हक्क कोणाचा, हा तर फार मोलाचा धागा. लोर्शचा मठ 764 मध्ये काउंट कांकोर आणि त्याची आई विलिस्विंडा यांनी स्थापला आणि आपला नातलग, मेट्सचा बिशप क्रोडेगांग, याच्या हाती दिला. एका मठाच्या स्थापनेतून तीन माणसांचं नातं समोर येतं.

लाल कोनराडच्या घराण्याला इतिहासकार सालियर म्हणतात. त्याचे वडील वेर्नर यांच्या मागे सालियरांचं मूळ शोधताना हाच मार्ग वापरला गेला. हॉर्नबाखचा मठ आठव्या शतकात विडोनेन नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोतावळ्याच्या जमिनीवर उभा राहिला आणि पुढे तो सालियरांच्या ताब्यात दिसतो. विडोनेनांत वेर्नर हे नावही आहे. मठ, प्रदेश आणि नाव असे तीन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून हा संबंध बहुतेकांना पटतो. पण पिढ्यांची अचूक साखळी त्यातूनही मिळत नाही. जमीन मुलीच्या हुंड्यातून, खरेदीतून किंवा राजाच्या देणगीतूनही हात बदलते, हे लक्षात ठेवून या पुराव्याला एकट्याने कधीच उभं करू नका.

सातवी पायरी: लग्नाला आलेल्या हरकती शोधा

चर्चने सातव्या पिढीपर्यंतच्या नातलगांत लग्न निषिद्ध मानलं होतं. 1215 च्या लॅटेरन धर्मसभेत ही मर्यादा चौथ्या पिढीवर आली. प्रत्यक्षात हा नियम सर्रास मोडला जाई, पण कोणी हरकत घेतली की नाती मोजून दाखवावी लागत. ते मोजणं हा वंशावळीच्या अभ्यासकाला लाभलेला खजिना आहे.

1043 मध्ये राजा तिसरा हाइन्रिश पोआतूच्या आग्नेसशी लग्न करणार होता. गोर्झचा मठाधिपती झीगफ्रीड याने स्टाव्हलोचा मठाधिपती पोप्पो याला पत्र लिहून हे लग्न निषिद्ध असल्याचं सांगितलं. मूळ स्त्री राणी गेर्बेर्गा, पहिल्या ओटोची बहीण. तिच्या एका लग्नाची मुलगी माटिल्डे, तिची गेर्बेर्गा, तिची गिझेला, तिचा हाइन्रिश. दुसऱ्या लग्नाची मुलगी आल्बेराडा, तिची एर्मेंट्रुड, तिची आग्नेस, तिची ही आग्नेस. दोन्ही बाजूंनी चार पिढ्या. लग्न तरीही झालं. पण ही साखळी नीट बघा: राजा हाइन्रिश सोडला तर तिच्यात एकही पुरुष नाही. फक्त पुरुषांच्या रेघा काढणाऱ्याला हे नातं दिसलंच नसतं.

मोजताना पद्धतीचं भान हवं. रोमन पद्धतीत वर जाताना आणि खाली येताना प्रत्येक जन्म मोजतात. चर्चमध्ये पुढे रूढ झालेल्या पद्धतीत फक्त समान पूर्वजापासूनच्या पिढ्या. वरचं नातं पहिल्या रीतीने आठव्या अंशाचं, दुसऱ्या रीतीने चौथ्या.

आठवी पायरी: वजाबाकी करा

हे काम छोटं आहे पण चुकवू नका. आई मुलाच्या जन्मावेळी किती वर्षांची होती? मुलगा बिशप झाला तेव्हा किती? दोन भावांच्या मृत्यूत सत्तर वर्षांचं अंतर आहे का? 1530 मध्ये गेओर्ग र्यूक्स्नरने छापलेल्या द्वंद्वस्पर्धांच्या ग्रंथात पहिली स्पर्धा राजा पहिल्या हाइन्रिशने 938 मध्ये माग्डेबुर्गला भरवल्याचं सांगितलं आहे आणि तिथे आलेल्या सरदारांची नावंही दिली आहेत. हाइन्रिश 2 जुलै 936 रोजी वारला होता. पुढे अनेक घराण्यांनी आपलं प्राचीनत्व याच ग्रंथावरून मिरवलं. कुठल्याही तक्त्यात दहाव्या शतकातला पूर्वज ‘माग्डेबुर्गच्या स्पर्धेत हजर’ असा दिसला तर ती ओळ सरळ खोडा.

एक अवघड गाठ: ओनिंगेनचा कुनो

आता सगळ्या पायऱ्या एका प्रकरणावर लावू. वेल्फ घराण्याचा वृत्तांत बाराव्या शतकाच्या पहिल्या अर्धात लिहिला गेला. त्यात असं आहे: घराण्याचा पूर्वज रूडोल्फ याची पत्नी इटा, तिचा बाप ओनिंगेनचा अत्यंत कुलीन काउंट कुनो, तिची आई रिशलिंट ही महान ओटो सम्राटाची मुलगी. कुनोला एग्बेर्ट, लेओपोल्ड, लिउटोल्ड आणि कुनो असे चार मुलगे, आणि चार मुली. एक रूडोल्फला दिली, एक राइनफेल्डनच्या सरदाराला, एक ‘रुगीं’च्या म्हणजे बहुधा रुसच्या राजाला, एक आंडेक्सच्या काउंटला.

एवढा भरगच्च मजकूर, पण दहाव्या शतकाच्या कुठल्याच समकालीन साधनात ‘ओनिंगेनचा कुनो’ नाही. ओनिंगेनच्या धर्मसंस्थेची 965 ची म्हणून दाखवली जाणारी स्थापनेची सनद बनावट आहे. 1980 मध्ये आर्मिन वोल्फ यांनी मांडलं की हा कुनो म्हणजे श्वाबेनचा ड्यूक कोनराड, जो 983 ते 997 या काळात ड्यूक होता. एडुआर्ड ह्लाविट्श्का यांनी वोल्फ यांच्या मांडणीला कडवा विरोध केला, आणि वाद अनेक वर्षं चालला.

पायऱ्या लावा. साधनाचं वय: घटनेनंतर सव्वाशे वर्षांहून जास्त. लेखकाचा हेतू: वेल्फांना सम्राटाचं रक्त मिळवून देणं, म्हणजे शंकेला जागा. नावाचं रूप: कुनो म्हणजे कोनराड, हे बसतं. ‘ओटोची मुलगी’: ओटोच्या माहीत असलेल्या औरस मुली लिउटगार्ड आणि क्वेडलिनबुर्गची मठाधिपती माटिल्डे. रिशलिंट त्यांत नाही, हे बसत नाही. यावर वोल्फ यांचं उत्तर असं की रिशलिंट ही ओटोची नात, त्याचा मुलगा लिउडोल्फ याची मुलगी. लिउडोल्फ श्वाबेनचा ड्यूक होता. त्याची पत्नी इडा, आणि इडाची आई रेगिनलिंड. रिशलिंट आणि इटा ही नावं या घरात शोभतात, हे नाकारता येत नाही. पण ही पाचवी पायरी आहे, आणि तिची मर्यादा आपण पाहिली.

मग मुलांची यादी. ड्यूक कोनराडच्या मागून 997 मध्ये ड्यूक झाला तो दुसरा हेर्मान. वृत्तांतातल्या चार मुलांत हेर्मानच नाही. ज्याने 1002 मध्ये राजपदावर दावा सांगितला, तो मुलगा यादीतून गळावा हे विचित्र आहे.

सातवी पायरीही लागते. हेर्मानची मुलगी माटिल्डे हिचं लग्न केर्न्टनच्या कोनराडशी झालं, आणि हा कोनराड लिउटगार्डचा नातू. 1003 मध्ये डीडेनहोफेनच्या धर्मसभेत राजा दुसऱ्या हाइन्रिशने या लग्नावर नात्याची हरकत घेतली. माटिल्डेच्या आईकडून हे नातं सहज निघतं. पण वोल्फ यांचं म्हणणं खरं असेल तर बापाकडूनही दोघांचा समान पूर्वज स्वतः सम्राट ओटो ठरतो, आणि ते नातं आणखी जवळचं. इतकं जवळचं नातं असताना त्याची आठवण साधनांत का उरली नाही, हा विरोधकांच्या बाजूचा प्रश्न. बिनतोड नाही, कारण मौनाचा पुरावा नेहमीच कच्चा असतो. पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

हा वाद निव्वळ हौसेचा नव्हता. तिसरा ओटो जानेवारी 1002 मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा गादीसाठी जे उभे राहिले, त्यांना रक्ताचा हक्क होता की केवळ बळाचा, हे या एका दुव्यावर बरंच अवलंबून आहे.

माझं मत विचाराल तर कुनो म्हणजे ड्यूक कोनराड ही ओळख मला संभवनीय वाटते. रिशलिंट लिउडोल्फची मुलगी हे फक्त शक्य आहे. दोन्हींना मी एकच वजन देणार नाही, आणि त्यांवर तिसरा दुवा तर मुळीच उभारणार नाही.

तक्ता कसा काढावा

समकालीन साधनात नातं स्पष्ट शब्दांत असेल तर सलग रेघ. दोन-तीन स्वतंत्र पुरावे जुळत असतील तर तुटक रेघ. एकच पुरावा, किंवा फक्त नाव जुळणं, तिथे ठिपके. प्रत्येक रेघेवर साधनाचं नाव आणि ते लिहिल्याचं वर्ष. आईचं नाव माहीत नसेल तर तिच्यासाठी रिकामी चौकट काढा. ती चौकट वगळली की तिच्या माहेरचा शोधही थांबतो. विरोधी मत असेल तर ते दुसऱ्या रंगात त्याच कागदावर.

सरावासाठी आधी चार कोनराडिनर भाऊ घ्या: 906 मध्ये पडलेला कोनराड, 902 मध्ये वारलेला एबरहार्ड, लोथारिंगियाचा ड्यूक गेबहार्ड आणि व्युर्ट्सबुर्गचा बिशप रूडोल्फ. त्यांची मुलं वेगवेगळ्या साधनांतून शोधून काढा. इथे सलग रेघा बऱ्याच मिळतात, हात बसतो.

मग हाब्सबुर्गांचा पूर्वज गुंट्राम घ्या. मुरीच्या मठातल्या बाराव्या शतकातल्या लेखनात ‘श्रीमंत गुंट्राम’ आणि त्याचा मुलगा कांत्सेलिन येतात. दुसरीकडे 952 मध्ये पहिल्या ओटोने आल्सासमधल्या गुंट्राम नावाच्या काउंटची जमीन जप्त केल्याचं माहीत आहे. काळ जुळतो, प्रदेश शेजारचा, नाव तेच. दोन्ही गुंट्राम वेगवेगळ्या कागदांवर लिहा, वरच्या पायऱ्या एकेक करून लावा, आणि मगच ठरवा की दोन कागद जोडणारी रेघ तुटक काढायची की ठिपक्यांची.